लहान लेकरं घेऊन दोन वर्षांच्या सेवेसाठी केनियात: निघण्याआधीपासून परत येईपर्यंत

किसुमूच्या बाजारात पहिल्याच आठवड्यात चार-पाच जणांनी मला विचारलं, "तुमचं दुकान कुठल्या रस्त्यावर?" आम्ही नगरहून दोन वर्षांच्या सेवेसाठी गेलो होतो. नवरा तिथल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बायबल शाळेत शिकवणार होता, मी बायकांच्या गटाबरोबर काम करणार होते. थोरली साडेपाच वर्षांची, धाकटा चौदा महिन्यांचा. तिकडे मिशनरी म्हटलं की गोरा माणूस डोळ्यांसमोर येतो आणि 'मुहिंदी', म्हणजे हिंदी माणूस, म्हटलं की दुकानदार. याला इतिहास आहे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवराच्या काठापर्यंत, म्हणजे किसुमूपर्यंत, रेल्वे टाकली ती हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी, आणि रुळांच्या मागोमाग आपल्या लोकांची दुकानं गेली. तिथल्या स्वाहिली भाषेतला 'दुका' हा शब्द आपल्याच दुकानाचा भाऊ. २०१७ मध्ये केनियाच्या सरकारने तिथल्या आशियाई समाजाला देशातली ४४वी जमात म्हणून मान्यताही दिली.

हे आधी सांगण्याचं कारण असं की परदेशी सेवेतल्या कुटुंबांसाठी जे सल्ले सापडतात ते बहुतेक अमेरिकन घरांसाठी लिहिलेले असतात. भारतीय पासपोर्ट, मराठी जेवण, नगर-पुण्याची शाळा, मंडळीने वर्गणी काढून उभा केलेला पैसा यांतलं काही त्यात नसतं. म्हणून आमच्या चुकांसकट हा हिशोब मांडते आहे. केनियाबद्दल लिहिते, कारण तेच मला माहीत आहे.

होकार देण्याआधी

मुंबईच्या किनाऱ्यावर अमेरिकन मिशनरी आले ते १८१३ साली. त्याच गटातली हॅरिएट न्यूवेल इथवर पोचलीच नाही. तान्हं बाळ समुद्रप्रवासात गेलं, आणि पाठोपाठ १८१२ च्या नोव्हेंबरात मॉरिशसला ती स्वतः गेली, एकोणीस वर्षांची. आमच्या मंडळीत अशा गोष्टी साक्ष म्हणून, म्हणजे विश्वासाचा अनुभव म्हणून, सांगतात. मला मात्र त्या ऐकताना नेहमी ते बाळ आठवतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आपली लेकरंही 'हो' म्हणत नाहीत, आपण त्यांच्या वतीने म्हणतो. तेव्हा कामाबद्दल बोलण्याआधी बोलावणाऱ्या मंडळीला चार गोष्टी विचारा: घर कुठे आणि खिडक्यांना जाळ्या आहेत का, पाण्याची टाकी किती मोठी, मुलांचे डॉक्टर असलेला दवाखाना गाडीने किती मिनिटांवर, आणि रात्री दोन वाजता गाडी कोण आणेल. चौथ्या प्रश्नाला माणसाचं नाव मिळालं नाही तर थांबा. "देव बघून घेईल" हे उत्तर मलाही मान्य आहे, पण गाडीची चावी कुणाकडे आहे हे त्यानेच सांगितलं तर बरं.

दुसरं, काम ठरवताना दोघांनी मिळून एका माणसाचं काम पत्करा, फार तर दीड माणसाचं. मंडळी दोन तिकिटांचे पैसे देते म्हणून दोन पूर्ण वेळ सेवक मिळाले असं धरून चालते. चौदा महिन्यांचं पोर घरात असताना ते शक्य नाही. शक्य करून दाखवलंच तर त्याची किंमत पोरं देतात. हे निघण्याआधी पाळकसाहेबांसमोर बोलून कागदावर आणा. तिथे पोचल्यावर बोललं की ते रडगाणं वाटतं.

कधी जायचं आणि कधी परतायचं

आम्ही सगळ्यात मोठी चूक इथे केली. जूनमध्ये गेलो, कारण इकडची शाळा संपली होती. केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि नोव्हेंबरच्या आसपास संपतं. जूनमध्ये दुसरं सत्र निम्म्यावर आलेलं असतं. थोरली अशा वर्गात जाऊन बसली जिथे सगळ्यांच्या मैत्र्या जुळून झाल्या होत्या आणि बाईंची भाषा तिला कळत नव्हती.

आज ठरवायचं असतं तर नोव्हेंबरच्या शेवटी गेले असते. डिसेंबरची सुट्टी घर लावायला आणि नाताळ तिथे साजरा करायला, जानेवारीत सगळ्यांबरोबर नवा वर्ग. परतीचा महिना एप्रिल, म्हणजे जूनच्या शाळेआधी नगरची सवय व्हायला दोन महिने मिळतात. म्हणून मी 'दोन वर्षं' असा हिशोब करू नका म्हणते. सतरा महिने करा, नाहीतर एकोणतीस. पाठवणाऱ्या समितीला हे आकडे विचित्र वाटतात. समितीतल्या कुणाचं पोर मध्येच वर्ग बदलणार नसतं.

थोड्या मुदतीच्या सेवेत मुलांचा निरोप दोनदा होतो, हे लक्षात ठेवूनच बाकीचं सगळं ठरवा. जे वीस वर्षांसाठी जातात त्यांची मुलं एकदा तुटतात आणि मग रुजतात. आपली मुलं नगरहून तुटतात, जेमतेम रुजतात आणि पुन्हा तुटतात. साडेपाच वर्षांच्या मुलीला दोन वर्षं म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा.

कागदपत्रं

पर्यटकाच्या परवान्यावर जाऊन सेवा करायची, "कोण विचारतंय" म्हणून, हे मुळीच करू नका. २०२४ पासून केनियात शिरायला आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, पण ती भेटीपुरती. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी 'क्लास आय' नावाचा वेगळा परवाना आहे. त्यासाठी अर्ज तिथल्या नोंदणीकृत मंडळीमार्फत होतो. जोडीदार काम करणार नसेल तर त्याला आणि मुलांना डिपेंडंट पास. दोघंही सेवा करणार असाल तर दोघांचेही परवाने हवेत. आम्हाला वाटलं होतं बायकोचं काम कुठे मोजतात, मोजतात. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या मोठ्यांना परकीय नागरिक म्हणून नोंदणीही करावी लागते.

घरातले कागद काढताना नावं जुळवून बघा. आपल्याकडे एका दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये असतं, दुसऱ्यावर नसतं. आईचं पासपोर्टवर माहेरचं आडनाव, मुलाच्या जन्मदाखल्यावर सासरचं. भारतात हे चालून जातं. परदेशी अधिकाऱ्यासमोर मात्र तुम्ही आई आहात हे सिद्ध करत बसावं लागतं. जन्मदाखले, लग्नाचा दाखला, लसींचं कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवा: हातातल्या पिशवीत, फोनमध्ये आणि नगरला भावाकडे. मुलाचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तो मुदतीच्या मध्ये संपत नाही ना ते पाहा. मूल पाच वर्षांचं झालं असेल तर आधारसाठी बोटांचे ठसे देऊनच निघा, नाहीतर परतल्यावर शाळेच्या प्रवेशात अडतं.

तिथे असताना बाळ झालं तर? केनियात जन्मल्याने केनियाचं नागरिकत्व मिळत नाही. त्यासाठी आई किंवा वडील केनियन असावे लागतात. आणि परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात झाली नाही तर भारतीय नागरिकत्वाचाही घोळ होतो. नैरोबीतल्या भारतीय उच्चायोगाचं हे काम बाळंतपणानंतरच्या यादीत पहिलं घाला.

पैसा

दोन गोष्टी आधी सीएकडून समजून घ्या. एक, मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय म्हणून आयकरात सूट घेत असेल तर भारताबाहेर केलेल्या खर्चावर ती सूट साधारणपणे मिळत नाही. "दर महिन्याला ट्रस्टच्या खात्यातून पाठवू" असं वचन कुणी सहज दिलं तर ते तपासा. दोन, परदेशी राहायला गेल्यावर तुमचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करावं लागतं.

भारतातलं सिमकार्ड रोमिंगवर जिवंत ठेवा. बँकेचे सगळे ओटीपी त्याच्यावर येतात. घरच्या कुणाला तरी मुखत्यारपत्र द्या. चौघांच्या परतीच्या तिकिटांएवढी रक्कम नेहमी बाजूला असू द्या आणि ती कशालाही मोडू नका, मंडळीच्या पत्र्याच्या छपरालाही नाही. छपराची गोष्ट आमच्याकडे झालेली आहे, म्हणून लिहिलं.

तिकडचा रोजचा व्यवहार एम-पेसावर चालतो. २००७ मध्ये सुरू झालेली ही फोनवरची पैशांची सोय भाजीवालीपासून शाळेच्या फीपर्यंत सगळीकडे आहे. विमानातून उतरल्यावर पासपोर्ट दाखवून सिम घ्या, त्याच दिवशी.

लसी आणि ताप

या भागाला घाई करू नका.

पिवळ्या तापाची लस सगळ्यांत आधी. नऊ महिन्यांच्या पुढच्या मुलांना ती देतात. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि आता आयुष्यभर चालतो. केनियातून परतताना हा दाखला नसला तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात, सहा दिवसांपर्यंत. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, मुंबई-पुण्यात ती आहेत. आधी वेळ घ्यावी लागते. धाकट्यासाठी एक अडचण आली: गोवर-गालगुंडाची एमएमआर आणि पिवळ्या तापाची लस या दोन्ही जिवंत लसी. दोन्हींत साधारण चार आठवड्यांचं अंतर ठेवायला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि आमचं सगळं वेळापत्रक महिनाभर सरकलं. तेव्हा तीन महिने आधी सुरुवात करा. आई गरोदर असेल किंवा अंगावर पिणारं बाळ नऊ महिन्यांच्या आतलं असेल तर डॉक्टरांशी स्वतंत्र बोला. टायफॉइड, कावीळ अ आणि कुत्रा चावण्याआधी घ्यायची रेबीजची लस यांबद्दलही त्याच वेळी विचारा.

मलेरियाबद्दल आपल्या मनात एक गैरसमज पक्का असतो: "आमच्याकडेही होतो की, चार दिवस थंडी-ताप." आपल्याकडे व्हायवॅक्स प्रकारचा बराच असतो. किसुमूकडचा जवळजवळ सगळा फाल्सिपारम, म्हणजे जास्त घातक प्रकारचा. लहान मुलात तो एका दिवसात डोक्यात जाऊ शकतो. नैरोबी सुमारे १८०० मीटर उंचीवर असल्याने तिथे धोका कमी, पण सरोवराकाठी आणि समुद्रकिनाऱ्यावर तो वर्षभर असतो. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या हे मुलाच्या वजनावर आणि वयावर ठरतं. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज; डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. निवड डॉक्टरांची. कडू गोळी पोटात जाईल कशी ही मात्र आईची डोकेदुखी. आमच्याकडे ती गुळाच्या खड्यात दडपून गेली, पण थोरलीने सातव्या आठवड्यात ओळखलं.

घरात एक नियम करा आणि तो दारामागे लिहून ठेवा: ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. "दात येत असतील", "ऊन लागलं असेल", "सकाळपर्यंत बघू" ही तीन वाक्यं दोन वर्षं बंद. गोळ्या चालू असल्या तरी तपासायचं. पहिली तपासणी नकारात्मक आली आणि ताप उतरला नाही तर पुन्हा तपासायचं. औषध भरलेली मच्छरदाणी अंधार पडायच्या आत सोडायची, गादीखाली खोचायची. दुपारी बाळ झोपलं तरी.

मलेरियापुढे बाकीचं सोपं. सरोवरात पाय बुडवायचे नाहीत, पाण्यातल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया नावाचा कृमींचा आजार होतो. मुलं रडली तरी नाही. बाहेर वाळलेल्या कपड्यांना, लंगोटांनासुद्धा, इस्त्री करायची, कारण काही भागांत एक माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते. अनवाणी फिरू द्यायचं नाही, पायात जिगर नावाचे पिसवे शिरतात. गंभीर वेळी विमानाने नैरोबीला नेणारी अम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सची सेवा आहे. तिची वार्षिक वर्गणी भरून ठेवा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. भारतातून काढलेला प्रवास विमा दोन वर्षांच्या वास्तव्याला आणि विमानाने हलवण्याला लागू होतो का, हे विकणाऱ्याच्या तोंडून नको, करारातून वाचा.

बॅगेत काय

कमी न्या. मिक्सर आणि कुकर नक्की न्या. वीज २४० व्होल्टची, जवळजवळ आपल्यासारखीच, पण पिना इंग्रजी पद्धतीच्या चौकोनी, त्या बदलून घ्या. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून कडक बंदी आहे, म्हणून फराळ कापडी पिशव्यांत भरा. काळा मसाला, कोकम, थोडे पोहे, बालवाडीची पाटी, मराठी गोष्टींची आठ-दहा पुस्तकं आणि मुलांची रोजची चादर न धुता. हो, न धुता. त्या चादरीच्या वासावर धाकटा पहिले दहा दिवस झोपला.

पहिले तीन महिने: घर

या काळात निम्मंच काम करा. निमंत्रणं येतील: शेजारच्या मंडळीत साक्ष द्या, युवकांचं शिबिर घ्या, जेवायला या. आठवड्याला एक स्वीकारा. मुलांना रोज तीन गोष्टी त्याच वेळी आणि तशाच मिळू द्या: सकाळचं खाणं, दुपारची झोप, संध्याकाळची कुटुंबाची प्रार्थना. बाकी सगळा दिवस अनोळखी असतो.

खाण्याचं दुःख मी घेऊन गेले होते, ते लवकरच उतरलं. 'विंबी' म्हणजे आपली नाचणी. तिची 'उजी' म्हणजे आपली पेजच. 'म्तामा' म्हणजे ज्वारी, दळून आणली की भाकरी होते. 'न्देंगू' म्हणजे मूग, 'कुंदे' म्हणजे चवळी, 'दानिया' म्हणजे कोथिंबीर. सरोवरातली 'ओमेना' ही वाळवलेली बारीक मासळी बघून माझ्या कोकणातल्या जावेला सुकट आठवेल. चपाती तर तिथे सणाचं खाणं आहे, नावही तेच. तूरडाळ, हिंग, पोहे गुजराती दुकानांत मिळतात, महाग.

भाषेचंही तसंच. स्वाहिलीतले हे शब्द थोरलीने पहिल्याच महिन्यात गोळा केले: पेसा, रंगी, साबुनी, बराफू, हेसाबू, किताबू, गारी, तयारी. विमा म्हणजे 'बिमा'. भिंतीवर कागद लावून तिला शब्द लिहायला लावले, एकसष्ट झाले. परकी जागा तिच्यासाठी ओळखीची झाली ती या कागदापासून. मुलांना बोलता यावीत अशी तीन वाक्यं मात्र मुद्दाम शिकवा: माझं नाव अमुक, मला घरी जायचं आहे, आणि "तफाधाली, उसिगुसे", म्हणजे कृपया हात लावू नका. मुलांच्या सरळ केसांना सगळे प्रेमाने हात लावतात आणि तिसऱ्या दिवशी मूल चिडतं. किसुमूत घराघरांत लुओ भाषा चालते. 'एरोकामानो' एवढं आभाराचं म्हटलं तरी म्हातारी माणसं खूश होतात.

वेळ सांगताना सावध राहा. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. नळवाल्याने 'सा तातू' म्हणजे तीन वाजता येतो म्हटलं, आम्ही दुपारी तीनची वाट पाहिली. तो सकाळी नऊला येऊन कुलूप बघून गेला होता.

घरात मदतीला बाई ठेवणं तिथे रीतीचं आहे, तिला 'याया' म्हणतात, आपली आयाच. संकोच वाटला तरी ठेवा, पण मंडळीतल्या विश्वासू बाईच्या ओळखीने, कायद्याने ठरलेल्या किमान वेतनावर, आठवड्याच्या सुट्टीसह. "सेवेचं घर आहे, थोडं कमी घे" असं तिला म्हणायचं नाही. मुलांच्या सुरक्षेचा नियम तिलाही, पाहुण्यांनाही, पाळकांनाही सारखाच: बंद दाराआड कुठल्याही मोठ्या माणसाबरोबर मूल एकटं नसेल. सेवेच्या घरात सतत पाहुणे राहतात आणि सगळेच 'अंकल' असतात. म्हणूनच हा नियम कुणाला वाईट वाटलं तरी मोडायचा नाही.

शाळा

साडेपाच-सहा वर्षांच्या मुलासाठी महागड्या आंतरराष्ट्रीय शाळेचा अट्टहास नको. केनियात पहिलीआधी पीपी-१ आणि पीपी-२ असे दोन वर्ग असतात. घराजवळची, अर्ध्या दिवसाची, पंचवीस-तीस मुलांची शाळा शोधा. शाळा बघायला जाताना एकच गोष्ट पाहा: मूल चुकलं की बाई काय करतात. केनियात मारायला कायद्याने बंदी आहे, पण छडी सगळीकडून गेलेली नाही. एका शाळेत टेबलावर ती दिसली, आम्ही चहा पिऊन निघालो.

दुपारी घरी वीस मिनिटं मराठी. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. छापील प्रत मात्र न्याच, स्क्रीनवर पाढे घोकले जात नाहीत. वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. प्रार्थना, गाणी, भांडण आणि झोपतानाची गोष्ट मराठीत चालू असेल तर भाषा जात नाही. आमच्या थोरलीची वाचनाची गती मागे पडली, बोलणं नाही.

लेकरं आणि प्रार्थनापत्र

दर महिन्याला मंडळीला प्रार्थनापत्र जातं. त्यात मुलांचे फोटो घातले की उत्तरं जास्त येतात आणि वर्गणीही वेळेवर येते. हा मोह मी ओळखून आहे, कारण मी तो केला. थोरली नव्या शाळेत रडली ते मी "प्रार्थनेचा विषय" म्हणून लिहिलं. सुट्टीच्या कॉलवर एका काकूंनी तिला विचारलं, "अजून रडतेस का गं?" तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तू सगळ्यांना सांगितलंस."

तेव्हापासून आमचा नियम: मुलांबद्दल लिहिलेलं त्यांना आधी वाचून दाखवायचं, त्यांनी नाही म्हटलं तर काढायचं. धाकटा बोलत नव्हता, त्याच्याबद्दल फक्त तब्येत लिहायची. हाच नियम तिथल्या मुलांनाही लावा. शेजारच्या पोराचा फाटक्या सदऱ्यातला फोटो त्याच्या आईला न विचारता नगरला पाठवायचा नाही. आपल्या लेकराचा असा फोटो आपण कुणाला काढू देऊ का?

रविवारची उपासना तीन-तीन तास चालते, "ब्वाना असिफिवे!", म्हणजे प्रभूची स्तुती असो, च्या घोषात. मुलं दीड तास छान नाचतात, नंतर कोसळतात. आम्ही पाळीपाळीने बाहेर झाडाखाली बसायचो. कुणी काही म्हणालं नाही. तिथल्या बायकांची पोरंही तिथेच असायची आणि माझ्या खऱ्या ओळखी त्या झाडाखालीच झाल्या.

आजी-आजोबा

वेळेचा फरक अडीच तासांचा, भारत पुढे. तिकडे संध्याकाळी साडेपाच म्हणजे नगरला आठ. रोज नको, आठवड्यात दोनदा ठरलेल्या वारी, आणि मुलांना पडद्यासमोर बसवून "आजीशी बोल" असं नको. आजीने गोष्ट वाचायची, आम्ही जेवत ऐकायची. आजारी सासूबाईंसाठी परतावं लागेल का, हा प्रश्न निघण्याआधीच दोघांनी बोलून ठेवा. कुणासाठी आणि कुठल्या परिस्थितीत परतायचं ते. तसंच मुलांसाठी: दोन महिने मूल नीट खात-झोपत-खेळत नसेल, किंवा मुळातलं खेळकर पोर गप्प झालं असेल, तर मुदत अर्धी सोडून परत या. पाठवणाऱ्यांना हे आधीच सांगितलेलं असावं.

परत येताना

निघण्याच्या सहा आठवडे आधी मुलांना तारीख सांगा, त्याआधी नाही. प्रत्येक मुलाने निरोप घ्यायच्या पाच माणसांची यादी करू द्या. आमच्या थोरलीच्या यादीत भाजीवाली होती, पाळक नव्हते. तिला हवी ती एक वस्तू, कितीही निरुपयोगी असो, आणू द्या. एम-पेसातले पैसे काढा, आयाचा हिशोब आणि एक महिना जादा पगार चुकता करा, परवाने रीतसर बंद करा.

उतरल्यावर वर्षभर मुलाला ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: "आम्ही आफ्रिकेतून आलोय." प्रतिबंधक गोळ्या आल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपर्यंत चालू ठेवायच्या, घरी आलो म्हणून सोडून देतात, तिथेच फसतात. जंतांची तपासणी करून घ्या. शाळेसाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळायला हवा. मुख्याध्यापक खालच्या वर्गात बसवू म्हणाले तर हे नम्रपणे दाखवा, आणि तिकडच्या शाळेचा दाखला व प्रगतिपुस्तक जोडा.

मंडळ्या बोलावतील. मोठ्यांनी जावं, अहवाल द्यावा. पैसे त्यांचे आहेत. पण दर रविवारी लेकराला पुढे उभं करून स्वाहिली गाणं म्हणायला लावू नका. आमच्या थोरलीने तिसऱ्या मंडळीत तोंड उघडलं नाही आणि घरी येऊन शब्दांचा तो कागद फाडला. दोन महिने ती "आमच्याकडे असं नसतं" म्हणत होती, आणि 'आमच्याकडे' म्हणजे किसुमू. तिला दुरुस्त करायला गेलो नाही. फाटलेला कागद मी चिकटवून ठेवला, नंतर तिने तो स्वतः मागितला.

तिथल्या एका मैत्रिणीशी तिचं बोलणं चालू राहील याची व्यवस्था तेवढी करा, आपल्या सेवेच्या ओळखींपेक्षा वेगळी. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला फोन लागतो. तिकडे चार वाजलेले असतात, आयाची मुलगी सोमवारचा गणवेश धुऊन मोकळी झालेली असते.